मे झाल्यावर

नागम्मा : मे झाल्यावर बघू, म्हणलं ना एकदा.

मंजुषा : अव्वा, अजून संक्रांत व्हायचीय.

नागम्मा : मग? संक्रांत झाली की बोर्डाची परीक्षा. बोर्ड झालं की मॉक. मॉक झाल्या की मे मधी नीट. नीट झाली की पोरी आपापल्या गावाला जातेत, मेस बंद. मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. आता ती कणकीची परात सरकव हिकडं.

मंजुषा : गाठ हाताला कधी लागली?

नागम्मा : मेसमधल्या अर्शियाची ऑरगॅनिकची टेस्ट झाली तवा.

मंजुषा : मला महिना सांग.

नागम्मा : दसऱ्याच्या पुढंमागं. भेऊ नको, तसली गाठ न्हाई ती. डबीची हाय.

मंजुषा : कसली डबी?

नागम्मा : ही काय गळ्यातली. इष्टलिंगाची. चांदीची हाय, जड हाय, लगीन होऊन आले तवापासून छातीवर हितंच टेकून राहिली. भाकरी थापाय वाकलं की लागती, उठलं की लागती. घट्टा पडला, दुसरं काय. बैलाच्या मानेवर पडतो का न्हाई जुवाचा? म्हणून मी दोरा वाढवला. बघ, आता बेंबीपतूर आली. लागतच न्हाई.

मंजुषा : आणि गाठ?

नागम्मा : जिरंल की. इतक्या वर्सांचं दुखणं, दोन-तीन महिन्यांत व्हय जिरतंय?

मंजुषा : अव्वा, मी काय काम करते ते माहीत आहे ना तुला?

नागम्मा : कॉम्प्युटरचं.

मंजुषा : कॉम्प्युटरवर कशाचं?

नागम्मा : त्याच बिमारीचं. नाव घेऊ नको घरात, पोरी जेवाय येतेत.

मंजुषा : देशभरातल्या दवाखान्यांतून कॅन्सरच्या पेशंटची माहिती माझ्याकडे येते. कोण, कुठलं, कधी कळलं, कधी दवाखान्यात आलं, काय उपचार झाले, पुढं काय झालं. लाखो माणसं आहेत त्यात. अमेरिकेत हेच केलं, आता मुंबईत अख्खं खातं माझ्या हाताखाली आहे.

नागम्मा : मग लाखो माणसं हायेत की तुला. मला एकटीला सोड.

मंजुषा : मोठेमोठे सर्जन माझं ऐकतात.

नागम्मा : त्येंच्याकडं मेस न्हाई.

मंजुषा : हे बघ, बहुतेक गाठी साध्या निघतात. तुझीही साधीच असेल. पण हात लावून मला ते कळत नाही, आणि दोरा वाढवून तुलाही कळत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. फोटो काढतात, लागलंच तर सुई घालून बघतात.

नागम्मा : आन् निघाली तर? तवा अर्धा दिवस पुरतो का? मग मुंबई, मग ती औषधं, मग केस जातेत. हिकडं पोरींना कोण करून घालतं? अर्शियाचं रिपीट हाय ह्या साली. मागल्या साली थोडक्यात हुकलं, फिजिक्सनं घात केला. आता कुठं बायो तीनशे चाळीसच्या खाली येईना झाली. अशात मेस बदलली की पोट बिघडतं. पोट बिघडलं की मॉक जाती.

मंजुषा : माझे मार्क कधी एवढे पाठ होते तुला?

नागम्मा : तवा सातशे वीस कुठं होते? तुमचं आपलं शंभरातच भागायचं.

गुलाम रसूल : भाबी, हायेत का घरात? येऊ का आत?

नागम्मा : या रसूलभाई. दार उघडंच हाय. मंजे, चूप बस आता.

मंजुषा : सलाम, चाचा. कसे आहात? अजून बोर्ड रंगवता का?

गुलाम रसूल : वालेकुम सलाम, बेटा. बोर्ड कुठले आता. ब्रश सुटून जमाना झाला. आता फ्लेक्सची मशीन घेतली. लातुरात जेवढे टॉपर निघून राहिले, समदे माझ्या मशीनमधून निघतेत.

मंजुषा : दरवर्षी किती निघतात?

गुलाम रसूल : पोरगा एकच असतो. पण चार क्लासच्या फ्लेक्सवर पहिला येतो. मला काय, मी चारी छापतो. फकस्त त्याच्या शर्टाचा रंग बदलावा लागतो.

नागम्मा : तुमाला चहा टाकते.

गुलाम रसूल : टाका. बेटा, तुझंच काम घेऊन आलो. उद्या अमरनाथ सरच्या क्लासमधी तुझा सत्कार हाय ना? त्यांनी मजकूर धाडला. ऐक, वाचून दाखवतो. ‘आमच्या क्लासची माजी विद्यार्थिनी, लातूरची लेक, जगप्रसिद्ध कॅन्सर तज्ज्ञ डॉक्टर मंजुषा...’

मंजुषा : थांबा, थांबा. मी अमरनाथच्या क्लासला कधी होते? तो माझ्या वर्गात होता. प्रॅक्टिकलला माझ्यामागं उभा राहून बघून करायचा.

गुलाम रसूल : ते बी मी इचारलं त्यांना. म्हणले, भूकंप झाल्यावर घरात झोपाय लोकं भेत होते, कॉलेजच्या मैदानात ताडपत्रीखाली आम्ही दोघांनी सोबत अभ्यास केला. तीच आमच्या क्लासची पहिली बॅच समजा.

मंजुषा : ताडपत्री आमची होती.

गुलाम रसूल : तर मग तुला पार्टनर लिहू का?

मंजुषा : काही लिहू नका. आणि ते ‘कॅन्सर तज्ज्ञ’ आधी काढा. मी औषध देणारी डॉक्टर नाही. सकाळी बसमधून उतरले नाही तोवर तीन माणसं रिपोर्ट घेऊन दारात. एकाला तर मूळव्याध होती.

नागम्मा : त्याला इलाज सांगायचा की. एवढं शिकून काय उपयोग मग.

गुलाम रसूल : बरं, तज्ज्ञ काढतो. काय टाकू तिथं?

मंजुषा : बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्स. आरोग्याच्या माहितीचं शास्त्र.

गुलाम रसूल : हे मावत न्हाई बेटा. मावलं तर तुझा फोटो काढावा लागतो.

नागम्मा : कॉम्प्युटर लिवा. आन् त्या बिमारीचं नाव बिलकूल नको. फ्लेक्स माझ्या दारासमोरच्या खांबावर लागणार, पोरींना जेवताना समोर दिसंल.

मंजुषा : अव्वा, त्याच बिमारीसाठी सत्कार आहे.

नागम्मा : असू दे. सत्काराला काय, आदरानं ‘मोठं काम’ म्हणलं तरी चालतंय.

गुलाम रसूल : ठीक हाय. पण सर म्हणले, खाली दोन लाईनी पोरांना जोश येईल अशा पाहिजेत. मेडिकल हुकलं तरी लेक कुठं पोचली, असं काहीतरी. तू बारावीनंतर नांदेडच्या विष्णुपुरीला गेली ना, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला?

मंजुषा : हो. मेडिकल थोडक्यात गेलं. तेव्हा बारावीच्या मार्कांवरच मिळायचं.

गुलाम रसूल : मग कॉम्प्युटरमधून ह्या लाईनीत कशी आली? ते सांग.

मंजुषा : पहिली नोकरी पुण्यात, बँकांच्या कॉम्प्युटरची. तिथं एक रुपया कमी आला की चार माणसं दिवसभर धुंडाळत बसायची. मग एका दवाखान्याचं काम मिळालं. तिथं अख्खा माणूस हरवला तरी कुणी शोधत नव्हतं. आज आला, तपासला, पुढच्या वेळेला आलाच नाही. का आला नाही, कुठं गेला, जगला का, कुणाला पत्ता नाही. मला ते काही सहन होईना. तिथून शिकायला अमेरिकेत गेले. एकच बाई नांदेडच्या दवाखान्यात नागुबाई, सोलापुरात नागाबाई आणि मुंबईत नुसतीच एन. बाई. ती एकच आहे हे ओळखायला शिकण्यात माझी पीएचडी झाली.

नागम्मा : मला इचारलं असतंस. एवढ्या लांब जायची जरूरत नव्हती.

मंजुषा : आणि खरं सांगायचं तर, चाचा, मी आले ती अप्पांमुळे. भूकंपानंतर ते किल्लारीकडं टेम्पो भरून धान्य घेऊन जायचे. आले की आवाज बसलेला. सगळे म्हणायचे, ढिगाऱ्याची धूळ घशात गेली. माझी परीक्षा झाल्यावर बार्शीच्या कॅन्सर दवाखान्यात दाखवलं तेव्हा कळलं धूळ नाही. तोवर उशीर झाला होता. बिचाऱ्यांना वेळेवर कळलंच नाही. कुणाला असं उशिरा कळू नये, एवढंच माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. हे लिहा हवं तर.

गुलाम रसूल : भाबी, चहा झाला का?

नागम्मा : झाला. घ्या. बशी घ्या, कढत हाय.

मंजुषा : काय झालं? दोघं एकमेकांकडं असं काय बघता?

गुलाम रसूल : काय न्हाई बेटा. मन्मथअप्पाची याद आली. उद्या भाषण कशावर करणार तू?

मंजुषा : जून महिन्यावर.

गुलाम रसूल : जूनमधी काय हाय?

मंजुषा : तेच तर कोडं होतं. या भागातल्या बायका छातीत गाठ लागली म्हणून दवाखान्यात येतात. वर्षभर थोड्या थोड्या येतात, आणि जून लागला की एकदम रांग. तक्ता काढला की मध्येच डोंगर उभा राहतो. दुसऱ्या जिल्ह्यांत असा डोंगर नाही. माझी सगळी माणसं दोन वर्षं डोकं फोडत होती. कुणी म्हणालं ऊन, कुणी म्हणालं पेरणी. शेवटी आम्ही ठरवलं, लग्नसराई. मेपर्यंत घरात लग्नकार्यं असतात, ती उरकली की बायका स्वतःकडं बघतात. परदेशातल्या परिषदेत मी हे मांडलं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या.

नागम्मा : लग्नसराई कशाची? लग्नं तर आता दिवाळीपासूनच चालू असतेत. हॉल मिळंना झालेत.

मंजुषा : चाचा, फोन एवढा लांब धरून का वाचता तुम्ही? चष्मा कुठंय?

गुलाम रसूल : चष्म्याचं काम न्हाई राहिलं. मोतीबिंदू पिकला. डॉक्टर बोलला काढून टाका, उगं खेळ नका करू. काढतो की. मे झाल्यावर.

मंजुषा : काय म्हणालात?

गुलाम रसूल : मे झाल्यावर. अर्शियाला रोज क्लासला मीच सोडतो ना. माझ्या बहिणीची नात हाय ती, हिमायतनगरहून माझ्या भरवशावर धाडली तिला. डोळ्याला पट्टी बांधून बसलो तर पोरीला कोण नेणार?

मंजुषा : मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यांनी तुम्ही तिला गाडीवर नेता?

गुलाम रसूल : रस्ता पाठ हाय बेटा. गड्डे समदे जुने हायेत.

मंजुषा : अव्वा, या गल्लीत अजून कोण कोण मे झाल्यावर आहे?

नागम्मा : म्हंजे?

मंजुषा : कुणाकुणाचं दुखणं मे झाल्यावर ठेवलंय?

नागम्मा : असं इचारतेस व्हय. उमादेवीचा गुडघा. वाटी बदलाय सांगितलीय, तिचा पोरगा बारावीला. जिना बसून बसून उतरती, घसरगुंडीवानी.

गुलाम रसूल : व्यंकटचा हर्निया.

नागम्मा : हाव, व्यंकटचा हर्निया. शिंक आली की पोट धरून भिंतीला टेकतो. श्रीमंतची दाढ. एका बाजूचा गाल सुजून पोळीवानी फुगलाय, पण काढली तर दोन दिवस ताप येतो म्हणतो, आन् पोरीची टेस्ट सिरीज चालू. सिद्धेश्वरच्या सुनंची पिशवी काढायचीय, ती बी...

मंजुषा : मे झाल्यावर.

नागम्मा : मग. घरात पोरगं नीटला बसलं असताना दवाखाना कुणी काढतं व्हय? तेवढी अक्कल समद्यांना हाय.

मंजुषा : म्हणजे अख्खी गल्ली मे झाल्यावर आजारी पडणार.

नागम्मा : जूनमधी. मे मधी पोरांचं सामान गावाकडं पोचवायचं असतं.

मंजुषा : जूनमध्ये.

गुलाम रसूल : बेटा, काय झालं? हसून राहिली का रडून?

मंजुषा : चाचा, माझा डोंगर सापडला. लग्नसराई नाही. नीट आहे. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या हो, आणि मी माझ्याच आईच्या स्वयंपाकघरात एकदा फोन करून विचारलं नाही.

नागम्मा : फोन केलास की ‘जेवलीस का’ एवढंच इचारतेस. डोंगराचं कधी काढलंस?

मंजुषा : खरं आहे.

नागम्मा : झालं ना तुझं काम मग? मला सोड आता. पोरींची यायची येळ झाली, हदगावच्या पोरीला आज बिनतिखटाचं वरण लागतंय.

मंजुषा : सोडायचं कसं? त्या जूनमधल्या बायका माझ्या तक्त्यात पुढं काय होतात ते मला दिसतं. ज्या जानेवारीत आल्या असत्या तर घरी गेल्या असत्या, त्या जूनमध्ये येतात आणि... अव्वा, गाठ परीक्षेचं वेळापत्रक बघत नाही. चाचा, तुम्ही तरी सांगा हिला. हिच्या छातीत गाठ आहे. दसऱ्यापासून.

नागम्मा : झालं. आता फ्लेक्सच लावा, रसूलभाई. माझा बी फोटो टाका.

गुलाम रसूल : भाबी, रोज दोन टायमाला माझा डबा न्यायला येतो मी. मला न्हाई सांगितलं?

नागम्मा : तुमाला सांगितलं म्हंजे अर्शियाला सांगितलं. तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई.

गुलाम रसूल : हे बरं न्हाई केलं तुम्ही. खरंच बरं न्हाई केलं.

नागम्मा : ह्यात काय नवं हाय का? पोरगं परीक्षेला बसलं की मोठी माणसं थांबतेत. रीतच हाय आपल्याकडं. मंजीच्या येळेला तिचा अप्पा न्हाई का थांबला?

गुलाम रसूल : भाबी.

मंजुषा : अप्पा कशाला थांबले?

नागम्मा : काय न्हाई. पोळी बघ, करपून राहिली.

मंजुषा : तव्यावर पोळी नाहीये, अव्वा. अप्पा कशासाठी थांबले होते?

गुलाम रसूल : सांगा आता. निघालंच तोंडातून.

नागम्मा : तुम्हीच सांगा. नेलतं तुम्ही.

गुलाम रसूल : मी नेलतं, लूनावर. भूकंपाच्या पुढच्या महिन्यात. दिवाळीच्या आधी. डॉक्टरनं घशात बघितलं आन् बोलला, धूळबिळ काही न्हाई, गाठ दिसती, उद्याच्या उद्या बार्शीला जा. बाहेर आलो. पायरीवर बसला मन्मथअप्पा. म्हणला, रसूल, पोरगी बारावीला हाय, डॉक्टर व्हायचं म्हणती. आधीच भूकंपानं तिची झोप उडालीय. आता हे कळलं तर पुस्तक बंद करंल. परीक्षा झाली की जाऊ. मी लई भांडलो, बेटा. तर माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आन् कसम घातली.

मंजुषा : आणि ती धूळ?

नागम्मा : धूळ तुझ्यासाठी होती.

(नागम्मा गॅस बंद करते.)

मंजुषा : मी रोज अभ्यासातून उठून त्यांना गरम पाणी नेऊन द्यायचे. म्हणायचे, अप्पा, त्या किल्लारीला जाऊ नका आता, धूळ बाधते तुम्हाला. ते मान डोलवायचे.

नागम्मा : हाव. तू गेलीस की म्हणायचे, किती काळजी करती बघ.

मंजुषा : आणि मला मेडिकल मिळालंसुद्धा नाही.

नागम्मा : थोडक्यात गेलं.

मंजुषा : थोडक्यात का असेना. ते थांबले, आणि मला मिळालं नाही, अव्वा. कशासाठी थांबले ते?

नागम्मा : असं बोलू नको. तुझा रिझल्ट लागला तवा बार्शीच्या वार्डात होते ते. आवाज पार गेलता. मला खुणेनं सांगितलं, पेढे आण. मी आणले. अख्ख्या वार्डात हातानं वाटले. बाजूच्या खाटेपाशी बसलेली बाई म्हणली, पोरीला मेडिकल लागलं का? तर मान हलवली, न्हाई म्हणून, आन् तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. ती बाई माझ्याकडं बघाय लागली, ह्येंच्या डोक्यावर परिणाम झाला का काय म्हणून.

गुलाम रसूल : मला बी दिलता. मी बी तेच समजलो.

मंजुषा : मला पेढे नको होते. मला अप्पा हवे होते. वर्ष गेलं असतं वाया, पुढच्या वर्षी बसले असते. अर्शिया बसतेच आहे की.

नागम्मा : तवा हे सुचलं न्हाई गं कुणाला. एक साल गेलं म्हंजे जन्म गेला, असंच वाटायचं.

मंजुषा : आता वेगळं वाटतं का?

नागम्मा : न्हाई. आता तर जास्तीच वाटतं.

मंजुषा : मी जगभर सांगत फिरते, लोकांना कळत नाही म्हणून उशीर होतो. कळवा, समजावा, पत्रकं वाटा. माझं अख्खं खातं त्यावर उभं आहे. आणि अप्पांना सगळं कळत होतं. तुलाही कळतंय. डबीचा घट्टा आहे यावर तुझा स्वतःचा तरी विश्वास आहे का?

नागम्मा : दिवसा असतो.

गुलाम रसूल : भाबी, रडू नका. तुम्ही रडल्या तर मला बी आवरत न्हाई, आन् मला डोळ्यात पाणी आणाय मनाई हाय.

नागम्मा : तुम्ही गप बसा. मंजे, हिकडं ये. हात पिठाचे हायेत, तरी ये. मी ठरवलंतं, हे तुला मरेपतूर सांगायचं न्हाई. आज रागाच्या भरात गेलं तोंडातून.

मंजुषा : गेलं ते बरं झालं. पण जड आहे, अव्वा. मी एवढी मोठी झाले, माणसं माझ्या नावानं खुर्च्या सोडतात, आणि आत्ता मला वाटतंय मी तेव्हा बारावीला बसले नसते तर बरं झालं असतं.

नागम्मा : हेच. ह्येच्यासाठीच त्यांनी कसम घातलती. तुला वाटू नये म्हणून. आन् वाटलंच शेवटी.

गुलाम रसूल : वाटतंच.

नागम्मा : रसूलभाई, तुमची ती अर्शिया रोज जेवताना मला म्हणती, नानी, मी डॉक्टर झाले की तुमचं समदं फुकट. मी म्हणते, आधी भाजी संपव.

गुलाम रसूल : घरी बी हेच बोलत राहती. नानीचं फुकट, माझं अर्ध्यात.

नागम्मा : समजा ती झाली डॉक्टर. आन् समजा माझं तोवर काही बरंवाईट झालं. मग तिला कुणीतरी सांगणारच. तुमच्या तोंडात तर तीळ भिजत न्हाई. की नानीला ठाऊक होतं, पण तुझ्या परीक्षेसाठी थांबली. मग काय करंल ती पोरगी?

गुलाम रसूल : काय करंल?

नागम्मा : हिच्यासारखी लाखो माणसं मोजत बसंल जन्मभर.

मंजुषा : अव्वा...

नागम्मा : न्हाई, मला बोलू दे. तुझ्या अप्पानं तुझ्यावर माया केली, पण ओझं ठेवून गेला माणूस. एका पोरीवर ठेवलं ते बस झालं. मी ह्या मेसमधल्या समद्या पोरींवर न्हाई ठेवणार. परक्याच्या लेकी हायेत त्या. आईबापांनी शिकाय धाडल्या, हे वागवाय न्हाई. सकाळी दवाखाना कवा उघडतो?

मंजुषा : नऊला. मी फोन करून ठेवते.

नागम्मा : उपाशी यावं लागतं का?

मंजुषा : नाही. खाऊन चल.

नागम्मा : आन् काही निघालं तर?

मंजुषा : तर जानेवारीत निघालं. जूनमध्ये नाही. पुढचं माझ्यावर सोड, त्यातलं मला खरंच कळतं.

नागम्मा : रसूलभाई, सकाळी तुमची गाडी मोकळी हाय का?

गुलाम रसूल : मी नेऊ? आत्ताच तर बेटी बोलली, ह्या डोळ्यांनी गाडी चालवू नका.

मंजुषा : रिक्षा करू आपण. चाचा, तुम्हीपण चला. तिथंच डोळ्यांचा विभाग आहे. अर्शियाला चार दिवस मी सोडेन क्लासला, सुट्टी वाढवून घेते.

गुलाम रसूल : तू? तुला लातूरचे गड्डे कुठं पाठ हायेत?

मंजुषा : मला दिसतात, चाचा.

गुलाम रसूल : हे बी खरं हाय. पण मग सत्काराचं काय? अकराचा टाईम हाय. जीप सजवून आणणार हायेत सर, फेटा बांधणार हायेत.

मंजुषा : अमरनाथला सांगा, सत्कार संध्याकाळी. आणि समोर पोरं बसवू नको म्हणावं, पोरांचे आईबाप बसव. भाषण त्यांच्यासाठी आहे.

नागम्मा : माझं नाव घेऊ नको भाषणात.

मंजुषा : अप्पांचं घेऊ का?

नागम्मा : घे. त्येंचं घे. उमादेवी येणार हाय म्हणली, तिला पुढं बसव, जिना नसंल तिथं.

गुलाम रसूल : आन् फ्लेक्सला काय टाकू मी? मशीन बंद करून आलोय.

मंजुषा : नाव टाका आणि खाली ‘मन्मथअप्पांची मुलगी’ एवढं टाका. मावेल ना?

गुलाम रसूल : मावतं. फोटोसहित मावतं. येतो मी भाबी. सकाळी तयार राहतो.

मंजुषा : अव्वा, आता पोरी येतील. त्यांना काय सांगणार आहेस?

नागम्मा : खरं तेच सांगते. दवाखान्यात जायचंय, दुपारपतूर येते, उद्या पोळ्या तुमच्या तुम्ही लाटा.

मंजुषा : येतात का त्यांना?

नागम्मा : कुठल्या येतेत. जाडजूड करतेल, अर्ध्या कच्च्या. खातेल एक दिवस. जाड पोळी खाल्ल्यानं काय कुणाचं मेडिकल जात न्हाई.